45 अक्षरांच्या इंग्रजी शब्दाची उकल कशी करावी

प्रश्नमंजूषेची तयारी करणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांसमोर इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि त्याचे उत्तर म्हणून 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस' (pneumonoultramicroscopicsilicovolcanoconiosis) हा शब्द घोकून घेतला जातो. घोकंपट्टीने जीभ वळते, पण अर्थ हाती लागत नाही. वास्तविक या शब्दाइतका सहज उलगडणारा शब्द क्वचितच असेल, म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी आधी उकल शिकवावी.

प्रथम शब्द रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहावा आणि न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्हॉल्कॅनो, कोनिओसिस अशा सहा तुकड्यांमध्ये उभ्या रेघा माराव्यात. तुकड्यांची अक्षरे अनुक्रमे 8, 5, 11, 6, 7 आणि 8 भरतात. त्यांची बेरीज 45 आली की स्पेलिंग बरोबर आहे, असे समजावे. पहिले अक्षर 'पी' लिहायचे असते, पण न्यूमोनियाप्रमाणेच येथेही ते उच्चारायचे नसते.

अर्थ लावताना शेवटापासून सुरुवात करावी. 'गोदातीर' या सामासिक शब्दात तीर मुख्य आणि गोदा हे त्याचे विशेषण, तसेच येथे 'कोनिओसिस' मुख्य आहे. ग्रीक 'कोनिस' म्हणजे धूळ आणि 'ओसिस' हा विकारदर्शक प्रत्यय, म्हणून कोनिओसिस म्हणजे धुळीमुळे होणारा विकार. तो कोठे होतो, हे पहिला तुकडा सांगतो, कारण ग्रीक 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस. ही दोन टोके जोडली की न्यूमोकोनिओसिस हा वैद्यकशास्त्रातील खराखुरा शब्द तयार होतो. खाणी, दगडकाम आणि ओतकाम अशा व्यवसायांतील धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारांना तो लावला जातो. एवढे समजले की शब्दाचा गाभा समजला.

मधले चार तुकडे धुळीचे वर्णन करतात. 'सिलिको' हे गारगोटीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे. 'व्हॉल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी, आणि त्याच्या मुळाशी व्हल्कन हा रोमन अग्निदेव आहे. 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे, तर 'मायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसण्याजोगे. अर्थात साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी, ज्वालामुखीतून आलेली सिलिकाची धूळ.

येथे चौकस विद्यार्थी विचारेल की पांडवलेणी ज्या खडकात कोरली आहेत तो बेसाल्टही लाव्हापासूनच बनला आहे, मग त्याच्या धुळीनेही हाच रोग होतो का. हा प्रश्न टाळू नये. सिलिकोसिसला, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराला, कारण ठरणारी स्फटिकरूप सिलिका मुख्यतः क्वार्ट्झच्या रूपात वाळू, वालुकाश्म आणि ग्रॅनाइट यांत आढळते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारच थोडे असते. याचा अर्थ बेसाल्टची धूळ छातीत गेलेली चालते असा मात्र नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: रोग समजून घेण्यासाठी 'ज्वालामुखी' या तुकड्याची फारशी गरज नव्हती. मग तो आला कसा?

त्याचे उत्तर शब्दाच्या जन्मकथेत आहे. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेची सभा भरली होती आणि तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द मुद्दाम लांब बनवून मांडला. 23 फेब्रुवारी 1935 च्या न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनने त्याची बातमी दिली. पुढे मोठ्या शब्दकोशांनी तो स्वीकारला, तरी ऑक्सफर्डने हा शब्द कृत्रिम असून त्याचा अर्थ 'असा सांगितला जातो' अशी सावध नोंद केली आहे. नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी घडवलेला 'महापौर' हा शब्द गरजेतून आला आणि आपल्या महानगरपालिकेच्या रोजच्या कारभारात रुळला. हा 45 अक्षरी शब्द मात्र लांबीच्या हौसेतून आला, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर त्याऐवजी सिलिकोसिस हाच शब्द आढळतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील रोगांच्या यादीतही तो सिलिकोसिस याच नावाने नोंदला गेला. रोग गंभीर आहे आणि फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना ते अधिक जवळचे वाटेल.

उच्चाराचा सराव शेवटी घ्यावा. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे म्हणावा, मग दोन-दोन तुकडे जोडावेत आणि शेवटच्या 'कोनिओसिस'मधील 'ओ'वर जोर द्यावा. 19 उच्चारावयवांचा (सिलेबल्सचा) हा शब्द एका दमात म्हणण्याची घाई करू नये. तो जमला की कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या शास्त्राचे 'ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी' हे नाव मुलांपुढे ठेवावे आणि कान, नाक व घसा यांपैकी कोणता तुकडा कशाचा, हे त्यांनाच ओळखायला सांगावे.