फायबरवर स्फोट वाचायचा तर

डीएएसकडे (डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या केबलनेच जमिनीची कंपनं टिपायचं तंत्र) वळणारी मुलं हमखास विचारतात, 'मशीन लर्निंग कुठून सुरू करू?' मी म्हणतो, आधी केबल कुठल्या दिशेने गेलीय ते कागदावर काढा. हे उत्तर फारसं कुणाला आवडत नाही.

मी शिकलो ते अमेरिकेतल्या नेवाडा इथल्या 'सोर्स फिजिक्स एक्सपेरिमेंट'च्या नोंदींवर. तिथे २०११ ते २०१६ मध्ये ग्रॅनाइटमध्ये सहा आणि २०१८-१९ मध्ये कोरड्या गाळात चार रासायनिक स्फोट जमिनीखाली केले. गाळातल्या टप्प्यात फायबरही होतं. प्रश्न असा, की स्फोट आणि भूकंप यांच्या लहरी वेगळ्या ओळखायच्या कशा? मोठा आधार म्हणजे पी (दाबत-ताणत पुढे जाणाऱ्या) आणि एस (आडव्या हलवणाऱ्या) लहरींचं गुणोत्तर. स्फोट चहूबाजूंनी सारखा ढकलतो, म्हणून पी जोरदार आणि एस दुबळी. तरी एस येतेच, आणि ती का येते यावरच सगळा काथ्याकूट.

आता खरी गोम. इंटरॉगेटर (केबलच्या टोकाला जोडलेलं मोजणीचं यंत्र) लेझरचे स्पंद सोडतो आणि काचेतून विखुरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कलेवरून (फेजवरून) केबल किती ताणली-आखडली ते मोजतो. पण फक्त केबलच्या लांबीच्या दिशेने! आडव्या केबलखालून सरळ वर येणारी पी लहर जवळपास दिसतच नाही. पी आणि एस यांची दिशेनुसार संवेदनशीलताही वेगळी. म्हणजे ज्या गुणोत्तरावर आपली सारी मदार, तेच केबलच्या कोनाने बदलतं. शेजारी जिओफोन (जमिनीची कंपनं मोजणारा नेहमीचा संवेदक) असेल तर त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आयाम (लहरीचा जोर दाखवणारा आकडा) वापरू नका. स्फोटाच्या अगदी जवळ तर कला दोन नमुन्यांमध्ये इतकी उडी मारते, की उलगडताना आकडे चुकतात; तिथे आगमनवेळेवर भागवावं.

गेज लेंथ (केबलच्या जेवढ्या तुकड्यावर ताण एकत्र मोजला जातो त्याची लांबी), केबलची वेटोळी, मातीशी पकड हे फील्डवर गेल्याशिवाय कळत नाही. घण घेऊन जमिनीवर ठोके मारायचे आणि कुठला चॅनेल (केबलवरचा मोजणीचा बिंदू) हलला ते लिहायचं, हे काम मिळालं तर सोडू नका.

पायथन आणि ऑब्सपाय (भूकंपशास्त्रासाठीची पायथन लायब्ररी) हवंच. ॲरे-प्रक्रियाही (अनेक संवेदकांच्या नोंदी एकत्र वाचणं) शिका, गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा भूकंपमापकांचा ॲरे साठच्या दशकापासून आहे, तेच गणित फायबरला लागतं. आणि डिस्कचा हिशेब आधी करा: हजार चॅनेल, सेकंदाला हजार नमुने, प्रत्येकी चार बाइट धरले तर दिवसाला सुमारे ३४५ जीबी. गाइडकडून साठवणुकीची सोय पहिल्याच महिन्यात मागून घ्या.