दिव्यांग मुलाला बालवाडीत सामावून घेताना : इस्लामी नीतिविचाराचा आधार

बालवाडीत किंवा मक्तबच्या (मुलांच्या प्राथमिक धार्मिक शाळेच्या) बालवर्गात दिव्यांग मूल प्रथमच येणार असेल, तर शिक्षिकेने तयारीची सुरुवात स्वतःच्या लक्षापासून करावी. कुराणातील ८०व्या सूरेचा (अध्यायाचा), ‘अबस’चा, प्रसंग येथे मार्गदर्शक आहे. परंपरागत भाष्यांनुसार पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलत असताना अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम हे अंध गृहस्थ शिकण्याच्या ओढीने आले. त्या वेळी पैगंबरांच्या कपाळावर आठी उमटली व चेहरा वळला, आणि त्याबद्दल आयतींमधून (कुराणातील वचनांमधून) समज देण्यात आली. आलेल्या माणसाला ती आठी दिसणारही नव्हती, तरीही ती गंभीर मानली गेली, हे शिक्षिकेने विसरू नये. आठवडाभर आपण कोणाला हाक मारली, कोणाचे उत्तर पूर्ण ऐकले, हे वहीत टिपावे आणि ज्याचे नाव नोंदीत आलेच नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी सर्वप्रथम बोलावे.

नंतर त्या मुलाला वर्गातील एखादे खरे काम द्यावे. पुढे मदिनेत हेच इब्न उम्म मकतूम पैगंबरांचे सहकारी बिलाल यांच्याबरोबर मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, झाले. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरकाळातील वचने व प्रसंगांच्या परंपरागत नोंदींमध्ये, असे येते की, ‘पहाट झाली’ असे लोकांनी सांगितल्यावर ते फजरची (पहाटेच्या नमाजाची) अजान देत. जबाबदारी पूर्णपणे त्यांची होती, आधार मात्र नेमका लागेल तेवढाच होता. याच रीतीने कमी दिसणाऱ्या मुलीकडे डबे वाटण्याचे काम सोपवावे, डब्यांची जागा रोज तीच ठेवावी आणि शेजारच्या मुलाने तिला फक्त क्रम सांगावा. काम स्वतः करून टाकू नये. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला शिक्षिकेचा चेहरा उजेडात दिसेल अशा जागी बसवावे.

इस्लामी विचारवंत इमाम गझाली (१०५८–११११) ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथामध्ये मुलांच्या संगोपनाविषयी लिहितात की, धड्यानंतर मुलाला खेळू दिले नाही तर त्याचे मन मरते. म्हणून दिव्यांग मुलाचे विशेष व्यायाम खेळाच्या सुटीत घेऊ नयेत. ही सोयीची वाटणारी पद्धत मला सर्वांत अन्यायकारक वाटते. आईवडिलांची मालमत्ता, खाणे, कपडे आणि पाटी यांची सवंगड्यांसमोर बढाई मारू देऊ नये, असेही ते सांगतात. डब्याच्या वेळी हे पाळणे सर्वांत गरजेचे असते. एखाद्या मुलाने दुसऱ्याला चिडवले, तर पहिल्या वेळी ते उघड करू नये, पुन्हा घडल्यास एकांतात समज द्यावी, हा त्यांचा क्रम वापरता येतो. मात्र चिडवले गेलेल्या मुलाला पहिल्याच वेळी जवळ घ्यावे.

चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी कठोर शिक्षेमुळे मुले खोटे बोलायला शिकतात असा इशारा दिला होता, तेव्हा मारणे पूर्णपणे टाळावे.

पालकसभेत कोणी अपंगत्वाला आईबापांच्या पापाचे फळ म्हटले, तर कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही ही ३५व्या सूरेतील १८वी आयत शांतपणे सांगावी, आणि त्याच बैठकीत त्या आईला मुलाच्या सवयी, भीती व आवडी विचारून नोंदवून घ्याव्यात.