पुस्तकाला तारे देताना या चुका टाळा

पुस्तक मिटताक्षणी तारे देऊन मोकळे होणे, ही परीक्षकांच्या हातून होणारी एक चूक आहे. रहस्यकथेचा शेवट चकित करणारा असला की मधली रेंगाळलेली शंभर पाने विसरली जातात. उलट, शेवट फसला की सुरुवातीच्या उत्तम प्रकरणांचेही श्रेय बुडते. दोन दिवस थांबून, पुस्तक न उघडता त्यातले काय आठवते हे पाहिल्यास तारा कुठे वाढवावा आणि कुठे कापावा, हे बरेच स्पष्ट होते.

दुसरी चूक मोजपट्टीची. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होते’ आणि तीन ताऱ्यांचा अर्थ ‘आवडले’ असा दिलेला असतानाही अनेकजण तीन तारे म्हणजे जेमतेम उत्तीर्ण असे धरून चालतात. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर तर पाव ताऱ्याचीही सोय आहे. म्हणून आपल्या लेखी प्रत्येक ताऱ्याचा अर्थ काय, हे एकदा लिहून ठेवावे आणि परीक्षणातही सांगावे.

आपण सगळ्याच पुस्तकांना चार तारे देत आहोत असे लक्षात आले, तर गेल्या वीस पुस्तकांची आवडीनुसार उतरती यादी करावी. पहिल्या आणि विसाव्या पुस्तकाला सारखेच तारे असतील, तर दोष मोजपट्टीत आहे. अर्थात, आपण सहसा आवडेल असेच पुस्तक निवडतो, त्यामुळे सरासरी थोडी वर राहणे स्वाभाविक आहे. ती खाली आणण्यासाठी मुद्दाम कठोर होण्याची गरज नाही.

पार्सल उशिरा आले किंवा वेष्टन फाटले, याची शिक्षा पुस्तकाला देऊ नये. मात्र पानोपानी मुद्रणदोष असणे किंवा संदर्भग्रंथाला सूचीच नसणे, हे पुस्तकाचेच दोष आहेत. अनुवादाच्या बाबतीत मूळ कृती आणि मराठी भाषा यांविषयी वेगवेगळे लिहावे, कारण एकाच ताऱ्यात दोघांचा हिशेब बसत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे परिचित लेखकाने सही करून ‘अभिप्रायार्थ’ पाठवलेली प्रत. अशा वेळी भिडेपोटी एक तारा वाढतो किंवा निःपक्षपणा दाखवण्याच्या हट्टापायी एक तारा घटतो, आणि दोन्ही सारखेच खोटे. माझ्या मते परिचय उघड सांगून केवळ परीक्षण लिहावे आणि ताऱ्यांची जागा रिकामी ठेवावी.

इतरांची सरासरी पाहून स्वतःचा आकडा बदलण्याचा मोहही टाळावा. एका पुस्तकाला तीन वाचकांनी 5, 5, 1 आणि दुसऱ्याला 4, 4, 3 तारे दिले, तर दोन्हींची सरासरी 3.67 येते; पण पहिल्या पुस्तकावरून वाचकांत वाद झाला आहे आणि दुसऱ्यावर जवळपास एकमत आहे, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.