शौचावर ताबा नसेल तर डायपर कसा निवडावा

पाकिटावर लिहिलेले ‘इतके तास कोरडे’ हे लघवीचे गणित आहे. शौच डायपरमध्ये मुरत नाही. घट्ट असेल तर वरच राहते, पातळ असेल तर वरच्या थराची छिद्रे बुजवून पाठीकडे आणि मांड्यांकडे पसरते. त्यामुळे डायपर किती शोषतो यापेक्षा किती अडवतो ते पाहा.

आधी लहान पाकीट घ्या आणि एक डायपर उलगडून बघा. मांड्यांच्या बाजूला आत उभ्या राहणाऱ्या झालरी हव्यात, मागची बाजू उंच आणि कमरेला इलॅस्टिक हवे. घालून झाल्यावर जांघेतून बोट फिरवून झालर बाहेर काढा. ती आत दुमडलेली राहिली तर महागातला डायपरही गळतो.

मापासाठी बेंबीपाशी कंबर आणि सगळ्यांत रुंद जागी नितंब मोजा. मोठा आकडा घेऊन तो पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा, कारण प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा असतो. ‘एक साइज मोठाच द्या’ ही नेहमीची चूक आहे. मांडीशी फट राहते आणि चादर खराब होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टेपवालाच घ्या, कुशीवर वळवून बदलता येतो. खालच्या टेप आधी, थोड्या वर तिरप्या लावा, मग वरच्या खाली तिरप्या. कमरेत दोन बोटे जायला हवीत. चालत्याफिरत्या आजोबांना पॅन्टसारखा बरा. पण शौच झाल्यावर तो खाली ओढू नका, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढा, नाहीतर पाय घोट्यापर्यंत बरबटतात.

नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, प्लास्टिकच्या पाठीचा डायपर नकोच. बाहेरून कापडासारखा, हवा खेळणारा घ्या. कूलरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कातडी लवकर सोलते. कोणता चालतो ते कळले की गांधीबागेच्या दवा बाजारात एकदम जास्त पाकिटांचा भाव विचारा.

शौच झाले की लगेच बदला, लघवीने भरण्याची वाट पाहू नका. शौचातले पाचकरस कातडी जाळतात. कोमट पाण्याने पुढून मागे पुसा, टिपून कोरडे करा आणि झिंक ऑक्साइडचे मलम अगदी पातळ लावा. जाड थर डायपरला चिकटतो. पावडर नको, ओलाव्यात तिचे गोळे होतात.

आणि बरेच दिवस शौच खड्यासारखे घट्ट, मग अचानक पातळ थेंबथेंब गळती, असे असेल तर डायपर बदलून भागणार नाही. आत घट्ट मळ अडकून त्याच्या कडेने पाणी झिरपत असू शकते. जुलाब समजून ते थांबवण्याची गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.