घर शिफ्ट करताना या चुका टाळा, सुरुवात तीन आठवडे आधीच करा

घर बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी टेम्पो शोधतात आणि पॅकिंग काय, शेवटच्या दोन दिवसात होऊन जाईल असं धरून चालतात. मी आतापर्यंत चार घरं बदलली. जे काही फुटलं, हरवलं, बिघडलं त्यातलं बरंचसं आधीच्या पंधरा-वीस दिवसात आम्ही काहीच केलं नव्हतं म्हणून झालं, सामान उचलणाऱ्यांच्या हातून फार थोडं.

पहिली चूक म्हणजे नको असलेलं सामान "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून तसंच भरणं. तिकडे गेल्यावर कोणी बघत नाही, ते खोकं जसंच्या तसं माळ्यावर जातं आणि पुढच्या शिफ्टिंगला परत निघतं. तीन आठवडे आधी सुरुवात करा, रोज एक कपाट किंवा एक खण, बस. जे रोज लागत नाही तिथून सुरू करायचं, म्हणजे माळा, बेडच्या आतलं सामान, पुस्तकं, आणि किचन अगदी शेवटी.

नवीन घर बघायला जाल तेव्हा मेजर टेप सोबत ठेवा. आपण खोली मोजतो, पण वाट मोजत नाही. सोफा खोलीत बसतो हो, पण तो लिफ्टमध्ये जातो का, जिन्याच्या वळणावर फिरतो का, दारातून आत येतो का हे आधी बघायला हवं. दाराची रुंदी मोजताना दार उघडं ठेवून मधली मोकळी जागा मोजा, कारण उघडलेलं दारही थोडी जागा खातं. अगदी दोन सेंटीमीटरने अडलं तर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार बाजूला करता येतं, ते फार अवघड नाहीये. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट असेल तर विचार करूनच न्या. ते एकदा उघडून परत जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात आणि मग दारं लोंबायला लागतात.

आता खोकी. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खोकं भरतं छान पण उचललं की तळ सुटतो. पुस्तकांना लहान खोकी, आणि मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं, कपडे. एक खोकं पंधरा-वीस किलोच्या वर जाऊ देऊ नका, आणि तळाला टेप मधल्या फटीवर तर लावाच पण दोन्ही कडांवरही लावा. प्लेट्स आडव्या एकावर एक रचण्यापेक्षा उभ्या ठेवा, प्रत्येकीला कागद गुंडाळून, म्हणजे धक्का लागला तरी सगळं वजन खालच्या प्लेटवर येत नाही. खोकं हलवून बघा, आतून आवाज आला तर अजून कागद भरायला हवा. आणि नाव खोक्याच्या वर लिहू नका, बाजूला लिहा, कारण खोकी एकावर एक रचली की वरचं काहीच दिसत नाही. नुसतं "किचन" लिहूनही चालत नाही, नंबर टाका आणि मोबाईलमध्ये यादी ठेवा की ७ नंबरमध्ये काय आहे. एखादं खोकं आलं नाही तर तेही लगेच कळतं.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन ही दोन सगळ्यात जास्त त्रास देतात. फ्रिज आदल्या दिवशीच रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता, नाहीतर ते गाडीत गाद्यांवर सांडतं. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं ऑइल पाईपमध्ये जातं, आणि तसाच लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो. उभा नेलात तरी काही तास थांबूनच चालू करा, आडवा न्यावा लागलाच तर पूर्ण दिवसभर उभा ठेवून मग.

फ्रंट लोड मशीनसोबत नवीन असताना ट्रान्झिट बोल्ट येतात, मशीन हलवताना ते ड्रम मागून घट्ट धरून ठेवतात. आम्ही ते कुठे ठेवले तेच आठवेना, मशीन तसंच नेलं, आणि नंतर स्पिनला ते जागेवरून सरकत बाथरूमच्या दारापर्यंत यायचं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, आतले सस्पेन्शनच गेले होते. आता बोल्ट पाकिटात घालून मशीनच्या मागेच चिकटवलेत. याच्या उलटही होतं, बोल्ट न काढताच मशीन चालू केलं तर ते भयंकर हादरतं, त्यामुळे नवीन घरात मशीन थडथडलं तर आधी बोल्ट बघा, मग पाय लेव्हलमध्ये आहेत का ते.

स्क्रूचंही तसंच. बेड उघडलात की त्याचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून बेडच्याच फळीला टेपने लावा. टीव्ही आणि राऊटरच्या मागच्या वायरी काढण्याआधी मात्र त्यांचा फोटो घ्यायचा.

गाडीवाल्याशी तोंडी बोलून सोडू नका. कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, उघडणं-जोडणं कोण करणार, फुटलं तर काय, हे सगळं लिहून घ्या. महिनाअखेर आणि वीकेंड टाळता आला तर बघा, तेव्हा गर्दी असते. इंटरनेटचं मात्र दोन-तीन आठवडे आधीच कळवा, ते ऐनवेळी होत नाही.

कागदपत्रं, दागिने, औषधं, लॅपटॉप, पॉवरबँक गाडीत टाकायचं नाही, स्वतःसोबत. पहिल्या रात्रीची एक बॅग वेगळी भरा, त्यात चार्जर, चादरी, टॉवेल, साबण, एक बल्ब, स्क्रू ड्रायव्हर आणि कात्री, कारण कात्री खोक्यात गेली तर खोकी उघडणार कशाने.

सामान गेल्यावर जुन्या घरात एकदा शांतपणे फिरा, मीटर रीडिंगचा फोटो काढा, दारांच्या मागचे हूक, गॅलरीतली दोरी, माळ्याचा कोपरा बघा, आणि बाथरूममध्ये नक्की जा, मशीनचा पाण्याचा पाईप तिथे नळालाच लटकत राहिलेला असतो.