स्टारलिंकचं लाँच कसं बघायचं: आधी मोबाईलवर रॉकेट, मग गच्चीवर उपग्रह

मागच्या हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आईला अंथरुणातून उठवून गच्चीवर नेलं, ती शाल गुंडाळून कुरकुरत उभी होती आणि तेवढ्यात वायव्येकडून बारीक ठिपक्यांची रांग सरकत वर आली, एकदम शिस्तीत. ती म्हणाली "अगंबाई, मुंग्याच की". त्या मुंग्या म्हणजे स्टारलिंकचे, स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीचे आभाळातून इंटरनेट देणारे उपग्रह. त्यानंतर घरच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच सुरू झालं, आम्हालापण सांग कसं बघायचं. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी माझं एक मत. नुसती रांग बघण्यात एकदा मजा येते, दुसऱ्यांदा नाही. खरी मजा आहे ते उपग्रह उडताना मोबाईलवर लाइव्ह बघायचे आणि एक-दोन दिवसांनी तेच आपल्या डोक्यावरून जाताना पकडायचे यात. म्हणून दोन्हीची तयारी एकत्र करायची.

लाँच निवडणं सोपंय. फाल्कन ९ रॉकेट स्टारलिंकचे उपग्रह घेऊन आठवड्यातून एकदा तरी, कधीकधी दोन-तीनदा उडतं. एक फ्लोरिडातून, म्हणजे केप कॅनाव्हरल किंवा शेजारचं केनेडी स्पेस सेंटर, आणि दुसरं कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्गहून. प्रत्येक खेपेला ग्रुप आणि दोन आकडे असं नाव असतं, ते लिहून ठेवा कारण गच्चीवर जायच्या वेळी तेच शोधावं लागतं. प्रक्षेपण स्पेसएक्सच्या वेबसाइटवर आणि एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) दिसतं. यूट्यूबवर त्यांच्या नावाने चाललेले कितीतरी चॅनल खोटे असतात, कोणी बिटकॉइन मागायला लागलं की तिथून निघायचं.

वेळेचं गणित मात्र नीट करा. मी एकदा अख्ख्या घराला पहाटे तीनला उठवलं आणि लाँच एक तास आधीच होऊन गेलं होतं, अजून टोमणे खातोय. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं. त्या काळात आपण फ्लोरिडाच्या साडेनऊ तास पुढे आणि कॅलिफोर्नियाच्या साडेबारा, हिवाळ्यात साडेदहा आणि साडेतेरा. डोकं चालत नसेल तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ घ्या आणि त्यात साडेपाच तास मिळवा, विषय संपला.

आता प्रत्यक्ष लाँच. लाइव्ह व्हिडिओ शेवटच्या काही मिनिटांत सुरू होतो पण खरी गडबड ३८ मिनिटं आधी सुरू होते, तेव्हा इंधन भरायची परवानगी मिळते. इंधन म्हणजे शुद्ध केलेलं केरोसिन, रॉकेलचाच घरंदाज भाऊ, आणि जोडीला द्रवरूप ऑक्सिजन, तोही उणे २०७ अंशांपर्यंत गार केलेला, कारण गार केला की आकसतो आणि त्याच टाकीत जास्त मावतो. पण थांबलं की तो गरम व्हायला लागतो. त्यामुळे एकदा भरायला घेतलं आणि मध्ये काही अडलं की "जरा थांबा, दोन मिनिटांत निघू" असं जमत नाही, बहुतेक वेळा सगळं रिकामं करून पुन्हा नव्याने किंवा थेट दुसऱ्या दिवशी. याला ते लोक स्क्रब म्हणतात. एखादा चॅनल लाँचपॅडवर कॅमेरा लावून बसलेला असेल तर २० मिनिटं राहिली असताना बाजूने पांढऱ्या वाफेचा मोठा लोट निघतो का ते बघा, निघाला तर भरणं व्यवस्थित चालू आहे, चहा ठेवायला हरकत नाही.

उड्डाणानंतरची साडेआठ मिनिटं, हा सगळ्यात भारी भाग, इथे मोबाईल खाली ठेवू नका. स्क्रीनच्या खाली डावीकडे पहिल्या टप्प्याचा, म्हणजे रॉकेटच्या खालच्या भागाचा वेग आणि उंची, उजवीकडे दुसऱ्याची, म्हणजे वरच्या भागाची. सव्वा मिनिटाच्या आसपास "मॅक्स क्यू" ऐकू येईल, म्हणजे हवेचा दाब रॉकेटवर सगळ्यात जास्त असतो तो क्षण. अडीच मिनिटांच्या आसपास खालची नऊही इंजिनं बंद होतात, तेव्हा वेग ताशी ८००० किलोमीटरच्या घरात असतो, दोन टप्पे सुटे होतात आणि वरच्याचं एकच इंजिन पेटतं. थोड्याच वेळात टोकावरचं टोपण दोन फाकांत उघडून पडतं. त्या फाका पॅराशूटने समुद्रात उतरतात आणि बोटीने उचलून आणून पुन्हा वापरतात.

इथून पुढे डावीकडचा कॅमेरा बघायचा. पहिला टप्पा, ज्याला सगळे बूस्टर म्हणतात, इंजिनची बाजू पुढे करून खाली पडत असतो, वरच्या बाजूला चार जाळीदार पंख उघडलेले, त्यांनीच तो दिशा धरतो. सहा मिनिटांच्या पुढेमागे तीन इंजिनं थोडा वेळ पेटतात, वातावरणात शिरताना ब्रेक मारायला. मग शेवटी एक इंजिन, पाय उघडतात आणि समुद्रात उभ्या असलेल्या तराफ्यावर तो टेकतो. तराफ्यावर त्या वेळी एकही माणूस नसतो. जमिनीवर परत का येत नाही, तर उपग्रहांचं ओझं इतकं असतं की उलटं फिरून यायला इंधन उरत नाही, म्हणून तो पुढे जाऊन जिथे पडणार तिथेच तराफा नेऊन ठेवतात, किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर. पूर्वी नेमकं टेकायच्या क्षणी व्हिडिओ गोठायचा, कारण इंजिनाच्या दणक्याने तराफ्यावरचा अँटेना हलायचा. आता तराफ्यावरपण स्टारलिंकचंच इंटरनेट आहे त्यामुळे बहुतेक वेळा पूर्ण दिसतं.

हे आता रोजचं वाटतं पण पहिला बूस्टर उभा उतरला डिसेंबर २०१५ मध्ये, आणि वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला मार्च २०१७ मध्ये. आता एकेकाची ३० च्या वर उड्डाणं झालीयेत. बूस्टरचा नंबर बी१०६७ असा असतो आणि पुढे त्याचं कितवं उड्डाण ते. नवा असेल तर पांढराशुभ्र, जुना असेल तर चुलीवरच्या पातेल्यासारखा काळा, मी तर काळाच बघायला बसतो. दरवेळी सुखरूपच येतो असं नाही, डिसेंबर २०२३ मध्ये बी१०५८ एकोणिसाव्यांदा व्यवस्थित उतरला आणि परत आणताना खवळलेल्या समुद्रात तराफ्यावरच आडवा झाला, आणि मोडला.

आणि एक, "पुन्हा वापरायचं रॉकेट" म्हणतात पण दुसरा टप्पा परत येत नाही, तो वातावरणात जळून जातो. आपल्या इस्रोचा जीसॅट-एन२, इंटरनेटसाठीचाच उपग्रह, तोही नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन ९ वरूनच गेला. ४७०० किलोचा होता, आपल्या एलव्हीएम३ रॉकेटला त्या कक्षेसाठी साधारण ४००० किलोच झेपतात.

बूस्टर उतरला की लोक व्हिडिओ बंद करतात. करू नका, किंवा करा पण तासाभराने परत या. उपग्रह पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले असतात. दुसरा टप्पा हळूच गिरकी घेतो, धरून ठेवणारे दांडे सुटतात आणि अख्खा गठ्ठा तरंगत बाहेर पडतो, मग एकेक आपोआप वेगळा होतो. सोडतात ते साधारण ३०० किलोमीटरवर आणि पुढे स्वतःच्या इंजिनाने काही आठवडे हळूहळू ४८० ते ५५० च्या दरम्यान चढतात. खाली सोडण्यात शहाणपण आहे, बिघडलेला आपोआप पडून जळतो. पण कधी अंगाशीही येतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळामुळे वरची हवा फुगली आणि ४९ पैकी तब्बल ४० पर्यंत उपग्रह गेले.

आता गच्ची. पहिले तीन-चार दिवसच रांग घट्ट दिसते, नंतर ते पांगतात. हेवन्स अबव्ह किंवा फाइंड स्टारलिंक ही वेबसाइट उघडा, आपलं गाव टाका, लिहून ठेवलेला ग्रुप शोधा. सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधीचा एक-दीड तास एवढाच वेळ कामाचा, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि वर त्यांच्यावर ऊन पडलेलं असतं. मध्यरात्री जाऊन काही दिसणार नाही. तिथे दिलेली क्षितिजापासूनची उंची ३० अंशांपेक्षा कमी असेल तर शहरात नाद सोडा, समोरची बिल्डिंग आडवी येते (हात सरळ लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश). वेळ पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होते, दहा मिनिटं आधी जाऊन बसा. येतात बहुतेक वायव्य किंवा नैऋत्येकडून आणि जातात पूर्वेकडे, चार-पाच मिनिटांत खेळ खल्लास. संध्याकाळी जाता जाता मध्येच विझले तर घाबरू नका, पृथ्वीच्या सावलीत शिरले. जून ते सप्टेंबर विसराच.

फोटोसाठी मोबाईल विटेला टेकवून नाइट मोड किंवा दहा सेकंद एक्स्पोजर, ठिपक्यांऐवजी रेघ येईल, तीच छान दिसते.

आणि हे उल्का किंवा पडणाऱ्या रॉकेटशी गल्लत करू नका. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी विदर्भात लोकांनी आभाळात पेटलेले तुकडे बघितले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं पडलं, ते चिनी रॉकेटचं असावं असा अंदाज होता. पडणारी वस्तू तुटत, रंग बदलत, शेपूट सोडत जाते. स्टारलिंक मुकाट, सरळ, एका चालीने जातं. पेटलेलं काही दिसलं आणि सकाळी शेतात कडं सापडलं तर हात लावू नका, पोलिसपाटलाला फोन करा, त्यात इंधनाचे विषारी अंश राहिलेले असू शकतात.