पारपटलाचे आजार: तपासणीचा क्रम आणि उपचार

लाल झालेला प्रत्येक डोळा 'आलेला' नसतो. डोळे आले की चिपडं येतात, चुरचुरतं, पण चिपडं पुसल्यावर नीट दिसतं. दुखणं, उजेड सहन न होणं, सतत पाणी वाहणं आणि नजर धूसर होणं अशी तक्रार असेल, तर संशय आधी पारपटलावर घ्यायचा. बुबुळासमोरची ही पारदर्शक काच मध्यभागी साधारण ०.५४ मिलिमीटर जाड असते आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन-तृतीयांश काम तीच करते. त्यामुळे तिच्या मधोमध राहिलेला २ मिलिमीटरचा डाग कडेच्या ५ मिलिमीटरच्या डागापेक्षा जास्त नजर खातो. यालाच लोक 'फूल पडलं' म्हणतात.

हे टिपण नेत्रविभागातल्या नवशिक्या डॉक्टरांसाठी, ऑप्टोमेट्रिस्टसाठी आणि लाल डोळा सर्वांत आधी ज्यांच्यापुढे येतो त्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. नजर घालवणाऱ्या बऱ्याचशा चुका पहिल्याच दिवशी होतात. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे जखम दाखवणारा रंग न टाकता, नमुना न घेता दिलेला स्टेरॉइडचा थेंब. त्याने लाली उतरते, रुग्णाला बरं वाटतं, आणि आत जंतू मोकाट वाढतात.

हात लावण्याआधी

डोळ्यात रसायन गेलं असेल तर पुढचा सगळा क्रम बाजूला ठेवा. नजर मोजू नका, फॉर्म भरू नका. आधी डोळा धुवा. सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट हाताशी नसेल तर साधं स्वच्छ पाणी चालेल. किमान ३० मिनिटं, एक-दोन लिटर. धुणं थांबवल्यावर ५ ते १० मिनिटं थांबून खालच्या पापणीच्या खाचेत पीएच पट्टी लावा. आकडा ७ ते ७.४ च्या दरम्यान स्थिर राहीपर्यंत धुणं संपलेलं नाही. धुतल्याबरोबर लावलेली पट्टी डोळ्याचा नव्हे, धुण्याच्या पाण्याचा पीएच दाखवते. चुना गेला असेल तर वरची पापणी दोनदा उलटून खाचेतले कण ओल्या कापूसकाडीने काढा. एखादा कण राहिला तर तो तासन्‌तास अल्कली सोडत राहतो. अल्कली पेशींच्या चरबीचा साबण करत आत घुसते, म्हणून ती बहुतेक आम्लांपेक्षा जास्त घातक.

तपासणीचा क्रम

बाकी सगळ्यांची नजर आधी मोजायची, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, चष्मा आणि पिनहोल लावून. मग भूल देणारा थेंब टाकण्यापूर्वी पारपटलाची संवेदना पाहायची. कापसाची बारीक वात ओढून तिचं टोक बाजूने आणून पारपटलाला टेकवा आणि दुसऱ्या डोळ्याशी तुलना करा. समोरून आणलं तर रुग्ण ते पाहूनच डोळा मिटतो आणि परीक्षा फसते. संवेदना कमी असेल तर हर्पिस (विषाणूचा संसर्ग), नागीण, मधुमेह किंवा चेतातंतूची इजा मनात ठेवा. हा अर्ध्या मिनिटाचा भाग सर्रास वगळला जातो आणि मग महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचं कारण सापडत नाही.

त्यानंतर फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी. सलाइनच्या एका थेंबाने ती ओली करा, जास्तीचं झटका, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूस टेकवा आणि रुग्णाला दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगा. रंग जास्त झाला तर सगळाच डोळा हिरवा दिसतो आणि काहीच कळत नाही. निळ्या उजेडात जिथे वरचं आवरण गेलंय तिथे हिरवी चमक येते. चमकेचा आकार बोलका असतो. वरच्या भागात उभे ओरखडे असतील तर वरच्या पापणीखाली कण अडकलाय, पापणी उलटा. खालच्या एक-तृतीयांश भागात बारीक ठिपके म्हणजे झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही किंवा पापणीच्या कडेला सूज आहे. टोकांना गाठी असलेली झाडाच्या फांदीसारखी रेघ म्हणजे हर्पिस. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढा; मऊ लेन्स हा रंग शोषून घेते.

जखम खोल असेल तर भोक शोधणारी सायडेल चाचणी करा. पट्टीचा गडद रंग जखमेवर हलक्या हाताने फिरवा आणि पाहा. गडद रंगातून पातळ हिरवा ओघळ वाहिला तर भोक पडलंय. मग डोळ्याचा दाब मोजू नका, मलम लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. डोळ्यावर टणक कवच ठेवून रुग्णाला उपाशीपोटी शस्त्रक्रियेच्या सोयीच्या ठिकाणी पाठवा.

अल्सर: नमुना आधी, औषध नंतर

वरचं आवरण गेलंय आणि त्याखाली पांढरट-पिवळट घुसखोरी (दाहाच्या पेशींचा साठा) दिसतेय, म्हणजे हा अल्सर, आणि जंतुसंसर्ग धरून चालायचं. आवरणाची जखम आणि खालची घुसखोरी ही दोन वेगळी मापं आहेत. दोन्ही मापं एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मिलिमीटरमध्ये घ्या, पारपटलामागे तळाशी साचलेल्या पूची पातळी मोजा, खोली अंदाजा आणि कागदावर चित्र काढा. उद्या दुसरा कोणी तपासणार असेल तर त्याला 'बरं वाटतंय' या शेऱ्याचा उपयोग नाही.

नमुना घेण्यासाठी ०.५ टक्के प्रोपॅराकेन टाका. स्लिट लॅम्पवर १५ नंबरच्या ब्लेडने किंवा किमुरा स्पॅच्युलाने आधी वरचा सैल चिकट थर बाजूला करा, मग जखमेची कड आणि तळ खरवडा. कड महत्त्वाची, कारण जिवंत जंतू तिथे असतात. मधल्या मेलेल्या पेशींमधून बरेचदा हाती काही लागत नाही. एक काच जिवाणू दाखवणाऱ्या ग्रॅम रंगासाठी, एक बुरशी दाखवणाऱ्या १० टक्के केओएचसाठी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि सॅबुरो अगार या जंतू वाढवण्याच्या थाळ्यांवर इंग्रजी 'सी'च्या आकारात रेघा ओढा. रेघेवर उगवलं तर ते डोळ्यातलं, रेघेबाहेरचं बहुधा हवेतलं. भोक पडण्याच्या बेतात असलेली जखम खरवडू नका. पिकाचं पान, काडी, माती लागल्याचा इतिहास असेल, कडा पिसासारख्या फाटलेल्या असतील, पृष्ठभाग कोरडा आणि उंचावलेला असेल, शेजारी सुटे ठिपके असतील तर बुरशी. तरी नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवू नका. अनुभवी डोळेही इथे फसतात, केओएचची काच तेवढी फसवत नाही.

जिवाणू असतील तर छोट्या, कडेच्या जखमेला ०.५ टक्के मॉक्सिफ्लॉक्सासिन पुरतं. मोठी, खोल किंवा मध्यावरची असेल तर तीव्र केलेले दोन थेंब लागतात. सेफाझोलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं की ५ टक्के द्रावण होतं. टोब्रामायसिनच्या ०.३ टक्के, ५ मिलिलिटरच्या बाटलीत इंजेक्शनचं ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं २ मिलिलिटर औषध मिसळलं की साधारण १.३६ टक्के होतं. निर्जंतुक सुईनेच भरा, बाटलीवर तारीख घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यानंतर टाकून द्या. पहिला अर्धा तास दर ५ मिनिटांनी एक थेंब, मग ४८ तास दर तासाला, रात्रीसुद्धा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये ५ मिनिटांचं अंतर हवंच, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. रात्री थेंब घालायला घरी कोणी नसेल तर रुग्णाला दाखल करून घेणं हाच उपचार.

४८ तासांच्या आत, जखम वाढत नसेल तर, औषध बदलू नका. दुखणं कमी होणं, घुसखोरीच्या कडा बोथट होणं, पू खाली उतरणं ही सुधारणेची खूण. त्यानंतर थेंबांची संख्या उतरवत न्या. तीव्र थेंब आठवडे चालू ठेवले तर ते आवरण भरूच देत नाहीत आणि 'औषध लागू पडत नाही' असा भास होतो.

धाग्यांच्या बुरशीला ५ टक्के नॅटामायसिन. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बुरशीच्या अल्सरवरच्या मट चाचणीत ते व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीविरुद्ध. बाटली प्रत्येक वेळी हलवा, कारण औषध तळाशी बसतं. ते आत फारसं झिरपत नाही, म्हणून दर काही दिवसांनी वरचा थर खरवडल्याने फायदा होतो. जखमेवर साचलेला त्याचा पांढरा थर पाहून आजार वाढला असं समजू नका. उपचार सहा आठवडे किंवा जास्त. यीस्ट असेल तर ०.१५ टक्के अ‍ॅम्फोटेरिसिन बी.

आणि स्टेरॉइड? बुरशीत, अमीबात, हर्पिसच्या फांदीत नाहीच. जिवाणूंच्या अल्सरमध्येही २०१२ च्या ५०० रुग्णांच्या स्कट चाचणीत तीन महिन्यांनी नजरेत एकूण फरक पडला नाही. जंतू कुठला ते ठाऊक नसताना तो थेंब देण्याला काहीच आधार उरत नाही. भूल देणारा थेंबही घरी कधीच देऊ नका. दुखणं थांबतं, पण पारपटल विरघळत जातं.

हर्पिस आणि अमीबा

फांदीच्या आकाराच्या जखमेला ३ टक्के असायक्लोव्हिर मलम दिवसातून ५ वेळा, किंवा तोंडाने ४०० मिलिग्रॅम ५ वेळा, ७ ते १० दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर गोळीचा डोस कमी करावा लागतो. दोन आठवड्यांत भरलं नाही तर आणखी मलम हे उत्तर नव्हे. औषधाचाच त्रास होतोय का आणि संवेदना गेलीय का ते पाहा. वारंवार उलटत असेल तर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. १९९८ च्या चाचणीत याने पुनरावृत्ती ३२ वरून १९ टक्क्यांवर आली. कपाळावर नागीण असेल तर नाकाचं टोक पाहा. तिथे फोड आले असतील तर डोळाही आजारात सापडण्याची शक्यता बरीच वाढते. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम ५ वेळा, शक्यतो ७२ तासांच्या आत.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा, नळाच्या पाण्याशी संबंध आलेला, आणि दिसणाऱ्या खुणांपेक्षा वेदना कितीतरी जास्त: हा अमीबा समजा. बरेचदा त्याला 'हर्पिस' समजण्यात आठवडेच्या आठवडे फुकट जातात. ०.०२ टक्के पीएचएमबी किंवा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचे थेंब सुरुवातीला दर तासाला, आणि एकूण महिनोन्‌महिने.

खरचटणं आणि रुतलेला कण

साध्या खरचटण्यावर पट्टी बांधू नका. त्याने लवकर भरत नाही. प्रतिजैविकाचा थेंब दिवसातून चार वेळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. लोखंडाचा कण २६ नंबरच्या सुईने, सुई पारपटलाला समांतर धरून उचला. गंजाचं कडं निघत नसेल तर एक-दोन दिवस थांबा. ते मऊ होतं आणि सहज सुटतं. हातोडी मारताना उडालेला कण असेल तर तो डोळ्याच्या आत गेला नाही ना, हे आधी पाहा.

काच बाक धरते किंवा धुरकटते तेव्हा

तरुण मुलाचा तिरका नंबर दरवर्षी वाढतोय आणि तो डोळे चोळतो: टोमोग्राफी (पारपटलाच्या आकाराचा आणि जाडीचा नकाशा) करा. त्याआधी मऊ लेन्स किमान आठवडाभर आणि कडक लेन्स दोन आठवडे किंवा जास्त बंद, नाहीतर लेन्सने दाबलेला आकारच मोजला जातो. केराटोकोनसमध्ये (पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं) वर्षात सर्वाधिक बाक १ डायॉप्टर वाढला तर क्रॉस-लिंकिंगचा, म्हणजे किरणांनी पारपटल कडक करण्याचा, विचार करा. मूळ पद्धत अशी: आवरण काढायचं, ०.१ टक्के रायबोफ्लेविन ३० मिनिटं, मग ३७० नॅनोमीटरची अतिनील किरणं ३ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर दराने ३० मिनिटं. पारपटल ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर किरणं आतल्या थरापर्यंत पोचून त्याला इजा करू शकतात. याने वाढ थांबते, चष्मा जात नाही, हे आधीच सांगा. आणि डोळे चोळणं बंद करायला लावा, त्यासाठी अ‍ॅलर्जीवर उपचार करा.

सकाळी धूसर आणि दुपारी स्वच्छ, अशी तक्रार ज्येष्ठ रुग्ण करत असेल तर सर्वांत आतला थर तपासा. फुक्स आजारात तिथल्या पेशी कमी होतात, आणि माणसात त्या जवळजवळ पुन्हा तयार होत नाहीत. रात्री डोळा मिटलेला असताना पाणी साचतं, दिवसा थोडं उडतं. ५ टक्के मिठाचा थेंब सकाळचे तास हलके करतो. पुढे फक्त तो थर बदलण्याची डीमेक शस्त्रक्रिया आहे.

पारपटलाचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला लेखी सांगा: लाली, उजेड न सोसणं, नजर कमी होणं किंवा दुखणं यातलं एकही आलं तर त्याच दिवशी यायचं. शरीर कलम नाकारू लागल्यावर तासातासाने दिलेले स्टेरॉइडचे थेंब लवकर मिळाले तर कलम बरेचदा वाचतं. इथे मात्र तोच थेंब, ज्याला वर नको म्हटलं, विनाविलंब हवा.